जिभेखालची गोळी

आमचे घरमालक कुणाला नमस्कार करत नसत. समोरच्यानं हात जोडायच्या आत ते त्याचं डावं मनगट धरत. तीन बोटं नाडीवर, आणि नजर माणसाच्या तोंडाकडे नाही, त्याच्या खांद्यावरून मागे कुठंतरी. पाव मिनिट, कधी अर्धं. मग हात जपून खाली सोडत आणि विचारत, "बाकी, ते बरं चाललंय की ओ?"

"ते" म्हणजे काय, हे पहिल्यांदा कुणालाच कळायचं नाही. माणूस म्हणायचा, चाललंय, पोरगी दहावीला आहे, बायकोचा गुडघा दुखतो. मालक मान हलवत. "ते नव्हे. नवरा-बायकोचं." एवढं बोलून पापणी न हलवता उत्तराची वाट बघत उभे राहत. विचारत फक्त पुरुषांना, आणि तेही चाळिशीच्या पुढच्यांना. कुणी हसायचं, कुणी शिवी द्यायचं. एकदा एका रिक्षावाल्यानं त्यांची कॉलर धरली होती. मालकांनी कॉलर सोडवून घेतली नाही. त्या धरलेल्या हाताचीच नाडी मोजली.

मी मूळचा सांगोल्याकडचा. वडिलांची मेंढरं होती, थोडी कोरडवाहू जमीन होती. मी शिकून सोलापूरला आलो आणि एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात सुपरवायझर झालो. पूर्व भागात या मालकांच्या वरच्या दोन खोल्या भाड्यानं बघायला गेलो, तेव्हा गल्लीच्या तोंडाशी पानवाल्यानं मला थांबवलं.

"खोल्या चांगल्या हायत," तो म्हणाला. "पाणी येतंय. फकस्त मालकाच्या हातात हात देऊ नका."

"का बरं?"

"दूधवाल्यानं दिला हुता."

दूधवाल्याची हकिगत मला नंतर तुकड्यातुकड्यानं कळली. धडधाकट माणूस, कुंभारीहून रोज मोटारसायकलवर कॅन घेऊन यायचा. एके सकाळी मालकांनी त्याचं मनगट धरलं आणि सोडलंच नाही. पाच मिनिटं, दहा मिनिटं. भर गल्लीत दोघे उभे, मोटारसायकल स्टँडवर सुरूच. शेवटी मालक म्हणाले, "आज दूध घालू नका. माझ्याबरोबर दवाखान्यात चला." दूधवाला हसला आणि निघून गेला. त्याच आठवड्यात तो गोठ्यात कोसळला. तेव्हापासून गल्लीत मालक समोरून आले की माणसं हात खिशात घालत. बायका लेकरांना दारातून आत घेत. त्यांनी बघून ठेवलं की माणूस जातो, असं उघड बोललं जायचं.

मला ते हास्यास्पद वाटलं. पण खोल्यांची किल्ली घेताना मीही ती उजव्या हातानं घेतली आणि डावा हात पाठीमागे ठेवला, हे आठवतं.

मालक तीसेक वर्षं सरकारी दवाखान्यात पट्टी काढायच्या खोलीत होते. आपल्याकडे ईसीजीला पट्टीच म्हणतात. डॉक्टर नव्हते, पण नवे डॉक्टर पट्टी घेऊन गुपचूप त्यांच्याकडे यायचे असं ऐकलं होतं. मला भेटले तेव्हा रिटायर होऊन बरीच वर्षं झाली होती. लग्न केलेलं नव्हतं. घरात ते आणि त्यांची विधवा भावजय, दोघंच. तिला सगळी गल्ली अक्का म्हणायची. ती पुढच्या खोलीत दिवसभर सूप मांडीवर घेऊन विड्या वळायची, मालक मागच्या खोलीत असायचे. दोघं एकमेकांशी तेलुगूत बोलायची, अगदी कामापुरतं. जेवण झालं, पाणी गेलं, लाईट आली. एका छताखाली राहणारी दोन माणसं इतकं कमी बोलतात हे मी त्याआधी पाहिलं नव्हतं.

भाडेकरूंना ते नावानं हाक मारत नसत, गावानं मारत. माझ्याआधी मंगळवेढा राहायचे, त्याआधी इंडी. मी सांगोला.

"काय सांगोला, कुठं जाऊ लालाव?"

"कारखान्यात."

"हात द्या की."

मी पिशवी दोन्ही हातांत धरून जिना उतरायचो.

त्या घराला दोन्ही बाजूंनी माग होते. दिवसभर खडखडाट. पहिले पंधरा दिवस डोकं उठलं, मग ऐकू येईनासं झालं. पण लाईट गेली की सगळे माग एकदम थांबायचे आणि गल्ली अशी गप्प व्हायची की आपलाच श्वास मोठा वाटावा. अशाच एका दुपारी मला खालून तो आवाज पहिल्यांदा ऐकू आला. बोटाच्या पेरानं लाकडावर ठोकल्यासारखा. टक टक. टक टक. मग एक ठोका कमी. मग घाईघाईनं तीन. मग मोठी फट. मग परत एक, हळू, जरा लांबून आल्यासारखा. त्यानंतर काहीच नाही. मी कान लावून बसलो. मिनिटभरानं पुन्हा पहिल्यापासून सुरू. तेच, त्याच फटींसह, जराही फरक नाही.

बायकोला म्हणालो, "खाली काय ठोकतायत?"

ती म्हणाली, "रोज ठोकत्यात. तुमी कारखान्यात असता. मला तर छातीत कसंतरी हुतंय ते ऐकलं की. जीव त्याच तालावर चालाय लागतुय." आणि तिनं खिडकी लावून घेतली, उन्हाळ्याची.

आता माझं सांगायला हवं, कारण त्याशिवाय मालक पूर्ण होत नाहीत.

मी त्रेचाळीस वर्षांचा होतो. वर्षभरापासून मला ते जमत नव्हतं. आधी अधूनमधून, मग नेहमीच. मी कारणं शोधली. शिफ्ट, पित्त, मुलगी मोठी झाली, खोल्या लहान. मग मी उशिरा झोपायला जाऊ लागलो. बायको टेंभुर्णीची, बोलकी. तीही हळूहळू बोलायची थांबली. एकदा तिनं अंधारात विचारलं, "माझं काय चुकलंय का?" मी झोपल्याचं सोंग केलं. आयुष्यात मी केलेल्या वाईट गोष्टींत मी ती धरतो. पुढं उन्हाळ्याच्या सुट्टीत ती मुलीला घेऊन माहेरी गेली आणि सुट्टी संपत आली तरी यायचं नाव घेईना. फोनवर सासूबाई म्हणाल्या, "ऱ्हाऊ द्या की जरा. तिचं मन लागंना तितं."

मी एसटी स्टँडजवळच्या एका खाजगी दवाखान्यात गेलो. मोबाईलच्या दुकानावर पहिला मजला, अरुंद जिना, भिंतीवर मोठी अक्षरं, निराश होऊ नका. आत थंडगार केबिन आणि टाय लावलेला एक माणूस. त्याच्या खुर्चीमागे सर्टिफिकिटं होती, पण इतकी उंचावर की वाचता येऊ नयेत. त्यानं माझा रक्तदाब बघितला नाही, साखर विचारली नाही. तरुणपणीच्या सवयी तेवढ्या विचारल्या आणि मान हलवून म्हणाला, नसा कमजोर झाल्यात. मग नाव नसलेल्या तपकिरी कॅप्सुल कागदी पाकिटात घालून दिल्या. "शंभर टक्के जडीबुटी. एक तास आधी. कुणाला सांगायचं नाही." ते शेवटचं सांगायची गरजच नव्हती. जिना उतरताना समोरून एक माणूस वर येत होता. आम्ही दोघांनी एकदमच भिंतीकडे तोंड केलं.

त्या रविवारी बायको एकटीच परत यायची होती. मुलगी आजीकडे राहणार होती. दुपारी बाराच्या सुमारास मी एक कॅप्सुल घेतली. ऊन असं होतं की गल्लीत कुत्रंही नव्हतं. माग बंद. खालून ठोकणं सुरू होतं आणि मी त्याच्याकडे लक्ष न द्यायचा प्रयत्न करत आरशासमोर दाढी करत होतो.

बायको आली. तिनं पिशवी ठेवली, पाणी प्याली, माझ्याकडे बघून म्हणाली, "तोंड का असं लाल झालंय?" मी म्हणालो, ऊन. डोकं ठणकत होतं, कपाट निळसर दिसत होतं. आणि मग छातीवर कुणीतरी गुडघा रोवला. मी खाली बसलो. घामानं बनियन भिजला. डावा हात खांद्यापासून जड झाला. बायको ओरडत जिना उतरली.

समोरच्या घरात एक रिटायर मास्तर राहायचे. त्यांना हृदयाचा जुना त्रास, त्यामुळे जिभेखाली ठेवायची गोळी नेहमी जवळ. ते धावत आले. चांगला माणूस. त्यांनी गोळी काढली, माझं तोंड उघडलं, "जीभ वर करा, जीभ वर करा" म्हणाले. गोळी ओठाला लागली होती. इतक्यात दारातून मालक आले आणि मास्तरांच्या हातावर त्यांनी असा फटका मारला की गोळी उडून कपाटाखाली गेली.

"वेडे झालाव का?" मास्तर ओरडले. "माणूस मरू लालाय!"

मालकांनी त्यांच्याकडे बघितलंही नाही. माझं मनगट धरलं. एवढे दिवस मी चुकवलेलं मनगट. त्यांची बोटं बर्फासारखी होती. पहिल्यांदाच ते माझ्या तोंडाकडे सरळ बघत होते.

"काय खाल्लाव?"

"काही नाही."

"काय खाल्लाव, सांगोला?"

बायको दारात उभी होती. मी म्हणालो, "काही नाही. सकाळी पोहे."

त्यांनी माझ्या कानाला तोंड लावलं. ते मला नेहमी अहोजाहो करत. त्या वेळी म्हणाले, "खोटं बोललास तर आत्ता मरशील. तिच्यासमोर मरशील. पाकीट कुठाय?"

मी बोटानं दाढीच्या डब्याकडे दाखवलं. बायकोनंच तो उघडला. पाकीट हातात घेतलं. तिनं वास घेतला, उलटसुलट करून बघितलं, त्यावर काहीच लिहिलेलं नव्हतं. तिला सगळं कळलं हे मला तिच्या खांद्यांवरून दिसलं.

रिक्षात मालक माझ्या शेजारी बसले. सगळा रस्ता त्यांनी मनगट सोडलं नाही. दुसऱ्या हाताचं बोट माझ्या गुडघ्यावर ठोकत होतं, आणि माझ्या लक्षात आलं की ते ठोके माझे आहेत. ते मला माझंच काळीज ऐकवत होते. अडखळलं की बोट अडखळायचं. "चालू आहे," ते म्हणत होते, "चालू आहे, चालू आहे." मला की स्वतःला, कुणास ठाऊक.

सरकारी दवाखान्याच्या दारात त्यांना अजून ओळखत होते. स्ट्रेचर लगेच आलं. ड्यूटीवरच्या डॉक्टरला त्यांनी पाकीट दिलं. "गुप्तरोगवाल्याचा माल आहे. आत काय घातलंय सांगता येत नाही, पण ताठरतेची ती इंग्रजी गोळीच कुटून घातलेली असणार. जिभेखालची दिलेली नाही. देऊ नका." डॉक्टर तरुण होता. त्यानं पाकिटाकडे बघितलं, मालकांकडे बघितलं आणि केस पेपरवर मोठ्या अक्षरांत काहीतरी लिहून त्याभोवती चौकट केली.

एका नळीत अडथळा निघाला. सरकारी योजनेतून स्टेंट बसली. साखर तर इतकी वाढलेली होती की कधीपासून आहे हे सांगता येईना.

तिसऱ्या दिवशी वॉर्डात बायको माझ्या उशाशी बसली होती. पाकिटाचा विषय तिनं काढला नव्हता. मी म्हणालो, "तुला सांगायला पाहिजे हुतं."

ती संत्रं सोलत होती. "मला काय वाटलं ठावं हाय का?" ती म्हणाली. "मला वाटलं मीच नकोशी झाले तुमाला. टेंभुर्णीला आयनंबी विचारलं, दुसरी कोन हाय का. मी म्हनलं आसंल." तिनं फोड माझ्या हातावर ठेवली. "आन् तुमी त्या गुप्तरोगवाल्याकडं गेला, पर मला न्हाय बोलला." मग ती रडली. पाटी घेऊन आलेली आया थांबली आणि बघून पुढे गेली.

घरी आल्यावर मी आपण होऊन मालकांच्या खोलीत गेलो. दुपार होती, लाईट गेलेली. खोलीत एक लोखंडी कॉट, एक टेबल आणि एक पत्र्याची पेटी. टेबलाची एक कड बोटाएवढ्या जागेत झिजून गुळगुळीत झाली होती. मी विचारलं, "तुम्हाला कसं कळलं मी काय घेतलंय?"

त्यांनी पेटी उघडली आणि आतून गुंडाळलेली एक पट्टी काढली. टेबलावर पसरली आणि दोन्ही टोकांवर फुलपात्रं ठेवली. गुलाबी चौकटींचा कागद. बाकी कोरा. मी वाकून बघितलं, तिरकं बघितलं. रेघ कुठंच नव्हती.

"उडून जाती ओ," ते म्हणाले. "हा कागदच तसला. चार-पाच वर्षांत पांढरा. झेरॉक्स काढायला पाहिजे होतं, तेव्हा सुचलं नाही." आणि कोऱ्या कागदावर बोट ठेवून ते वाचायला लागले. "हितं बरं आहे. हितं एक गेला. हितं तीन घाईत. हितं बघा, हितं मी त्याला हाक मारली." उजव्या हाताचं बोट कागदावरून सरकत होतं, डाव्याचं टेबलाच्या कडेवर वाजत होतं. तेच ठोके, जे मी वर्षभर वरून ऐकत होतो. कागदाच्या शेवटी दोन्ही बोटं थांबली.

"कुणाची?"

"धाकट्याची."

धाकटा भाऊ मागावर होता. अक्काचा नवरा. लग्नाला बरीच वर्षं झाली होती, मूल नव्हतं. एक दिवस तो दवाखान्यात पट्टीच्या खोलीच्या दारात येऊन उभा राहिला. म्हणाला, अण्णा, जरा विचारायचंय. बाहेर रांग होती. मालक म्हणाले, घरी बोलू. घरी तो दोनदा या खोलीच्या दारात आला. मालकांनी पेपर तोंडासमोरून काढला नाही.

"मला कळलं होतं," ते म्हणाले. "बापयगडी दारात तसा उभा राहिला की कळतंच. तीस वर्षं बायामाणसांच्या, गड्यांच्या उघड्या छातीला वायरी लावल्या मी, कधी काय वाटलं नाही. पण सख्ख्या भावानं ते विचारायचं म्हटल्यावर मला लाज वाटली. मला वाटलं जाईल कुठल्या तरी डॉक्टरकडं."

तो त्याच जिन्यानं वर गेला होता. तेव्हा खाली मोबाईलचं नाही, कॅसेटचं दुकान होतं. नंतर एका दुपारी त्याच्या छातीत दुखायला लागलं. मालकांच्या खिशात गोळी असायचीच. त्यांनी ती आपल्या हातानं त्याच्या जिभेखाली ठेवली.

"दोन मिनिटांत ढासळला. रक्तदाब लागेना. दोन गोळ्या एकत्र आल्या की असं होतं, हे तेव्हा मला ठाऊक नव्हतं. दवाखान्यात नेला. पट्टी मीच काढली, दुसरा कोण काढणार. नंतर शर्टाच्या खिशात पाकीट मिळालं. नाव नसलेलं."

"अक्कांना?"

"हार्ट, म्हणून सांगितलं. खोटं नाही की ओ ते." त्यांनी पट्टी गुंडाळली. "तिला कशाला. नवऱ्याचं तसलं काही तिला कळायला नको."

म्हणून ते विचारत. लाज वाटून तोंडासमोर पेपर धरला, त्याची भरपाई ते भर गल्लीत, भर दिवसा, पानाच्या टपरीवर, लग्नाच्या मांडवात करत होते. कधी कॉलर धरली जायची, कधी दगड यायचा. पण दहातला एखादा माणूस थबकायचा. संध्याकाळी परत यायचा, काहीतरी निमित्त काढून. मालक त्याला दुसऱ्या दिवशी सकाळी सरकारी दवाखान्यात घेऊन जायचे. केस पेपरच्या खिडकीवर काय होतंय विचारलं की माणूस सांगायचा, कंबर. मालक मागून म्हणायचे, "सोलापूर जिल्ह्यात एवढ्या कंबरा दुखत नाहीत ओ. मेडिसिन लिहा."

मलाही त्यांनीच नेलं, डिस्चार्जनंतर महिन्यानं. पडद्याआड एक तरुण डॉक्टरीण होती, माझ्या भाचीच्या वयाची. मी म्हणालो, "ते... लग्नानंतरचं..." आणि थांबलो. तिनं पेन खाली ठेवलं नाही, वरही बघितलं नाही, आणि तेच मला बरं पडलं. "ताठरता येत नाही की टिकत नाही?" तिनं विचारलं. "सकाळी आपोआप येते का? किती महिने झाले?" पाऊस किती पडला विचारावं तशा सुरात. मी सगळं सांगितलं. बायको शेजारी होती. जिथं मी अडलो तिथं तिनं सांगितलं.

"त्या नळ्या बारीक असतात," डॉक्टरीण म्हणाली. "हृदयाच्या जाड. चरबी आणि साखरेनं खराब व्हायला लागल्या की बारीक आधी बंद पडतात. शरीरानं तुम्हाला वर्षभर आधी सांगितलं होतं. आधी साखर, चालणं, तंबाखू बंद. हृदयाचे डॉक्टर हो म्हणाले की मग गोळी. नाव लिहिलेली, दवाखान्यातली." काही महिन्यांनी ती मिळाली, केस पेपरवर लाल शाईतल्या एका ओळीसह, की ही चालू असताना जिभेखालची गोळी घ्यायची नाही. झालं का सगळं पूर्वीसारखं? नाही. पण बरंचसं झालं. आणि खिडकी लावून घेऊन गप्प झोपायचं तर कायमचं बंद झालं.

मालक गेले ते दोन वर्षांनी, साध्या तापानं. गल्लीला वाटत होतं, यांना कुणी उचलायला येईल की नाही. माग दोन तास बंद ठेवले लोकांनी, पण लांबूनच.

दहाव्या दिवशी दुपारी मी अक्काकडे मदतीला होतो. जेवणाचं थोडकंच केलं होतं, घरच्या माणसांपुरतं. बाराच्या सुमारास गल्लीत एक माणूस येऊन उभा राहिला. पन्नाशीचा, पांढरी टोपी, खेड्यातला. समोरच्या भिंतीची सावली हातभर होती, त्या सावलीत पाठ टेकून उभा राहिला. मग दुसरा आला, शर्टाच्या खिशाला दोन पेनं. त्याच्यापासून चार हात सोडून तोही सावलीत. मग तिसरा. अर्ध्या तासात गल्ली त्या टोकापर्यंत भरली. कुणी एकमेकांशी बोलत नव्हतं. कुणी कुणाकडे बघतही नव्हतं. माग बंद, ऊन पांढरं, आणि सावलीच्या त्या पट्ट्यात ओळीनं पुरुषच पुरुष, माना खाली घालून. लेकरं दारातून बघत होती आणि तीसुद्धा गप्प होती. मला क्षणभर खरंच वाटलं, ही माणसं जिवंत आहेत ना.

मी एकाला विचारलं, "कुठले तुम्ही?"

"अक्कलकोट."

"मालक कसे ओळखीचे?"

तो जमिनीकडे बघत म्हणाला, "वळकीचे."

पुढच्याला मी काही विचारलं नाही.

अक्का उंबऱ्यावर येऊन उभी राहिली होती. बराच वेळ ती त्या ओळीकडे बघत राहिली. मग माझ्याकडे न बघता हळू आवाजात म्हणाली, "हे सगळे त्याच दुखण्याचे?"

मी चपापलो. "तुम्हाला माहीत आहे?"

"गल्लीत ओरडून विचारायचे ते. मी काय बहिरी आहे?" ती खाली बसली. पदरानं तोंड पुसलं. "आमच्या ह्यांच्या खिशात पाकीट होतं. शर्ट धुवायला काढला होता मी, तेव्हा बघितलं. परत होतं तसं ठेवलं. काय आहे कळलं होतं मला. त्यांना वाईट वाटेल म्हणून बोलले नाही. दुसऱ्या दिवशी छातीत कळ आली. थोरले ह्यांच्या तोंडात गोळी घालू लालते, मी हितंच उभी होते, या उंबऱ्यात. गोळीचं मला काय कळत नव्हतं. पण थोरले सारखं विचारू लालते, काय खाल्लास का, काय खाल्लास का, आणि ह्यांनी मान हलवली, नाही म्हणून. मी सांगू शकले असते. मोठ्या दिरासमोर ते कसं सांगायचं?"

आतून भाताचा वास येत होता. रस्त्यावर अजून दोन माणसं येऊन सावलीत उभी राहिली.

"एक बरं झालं," ती म्हणाली. "पाकिटाचं थोरल्यांना शेवटपर्यंत कळलं नाही. मीच घेऊन जाते बरोबर."

मी काय करायला हवं होतं, यावर बायकोचं आणि माझं आजही एकमत नाही. ती म्हणते, म्हातारीला तेवढं तरी ठेवायचं होतं. पण त्या उंबऱ्यावर मला वाटलं, गप्प बसायची वेळ माझ्यावर एकदा येऊन गेली आहे.

"अक्का," मी म्हणालो, "त्यांना माहीत होतं. पाकीट त्यांना मिळालं होतं. त्याच दिवशी."

तिचे ओठ हलले, तेलुगूत काहीतरी, मला कळलं नाही. मग तिनं उंबऱ्याला हात टेकला आणि उठायला लागली. मी आधार द्यायला गेलो, तो तिनं घेतला नाही.

"तांदूळ अजून टाका," ती म्हणाली. "बाहेर सांगा, जेवल्याशिवाय कुणी जायचं नाही."

मी सांगितलं. माणसं एकेक करून चप्पल काढून आत आली आणि भिंतीला धरून बसली. अक्कानं स्वतः वाढलं.